शेणातली गांडुळं

मार्चात रानातली माती उडवणारा कोशावा वारा सुटला की आमच्या बाच्काच्या सपाट मुलखात शहाणं माणूस धुणं बाहेर वाळत घालत नाही. शेजारच्या एर्झी मावशीने घातलं, आणि मग कुंपणापलीकडून ओरडली, "स्मिल्या, तुमचं रान माझ्या चादरीवर येऊन बसलंय गं! घेऊन जा की परत!"

मी हसले. आत बाबांनी ऐकलं. सहा वर्षं ते अंथरुणाला खिळलेले, पण कान तिखट.

"हसतेस काय? रान आपल्या नावावर असतं, माती सगळ्यांची असते. आपली माती अशी उडायची नाही कधी. जा, एक फावडं खण आणि गांडुळं मोज."

दर मार्चात ते स्वतः मोजायचे. बाराच्या खाली आकडा गेला की दिवसभर घुश्शात.

रान माझ्या हाती देताना त्यांनी एकच सांगितलं होतं, सोयाबीन काढलंस की काड तिथंच राहू दे, ते मातीचं जेवण आहे. मी मान डोलावली आणि दर सुगीला सगळं काड गठ्ठे बांधून घरी आणलं. इथे सगळेच आणतात. एक गठ्ठा भट्टीत घातला की खोली दिवसभर उबदार राहते, आणि बाबांना थंडी सोसत नव्हती. भट्टी बाबांच्या खोलीत, पण तिचं तोंड भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. आत काय जळतंय, त्यांनी विचारलं की मी म्हणायचे, लाकडं.

मी तीन ठिकाणी खणलं. शिळ्या पावासारखी ढेकळं निघाली, गांडूळ एकही नाही. मला लाज वाटली, आणि भीतीही. डॉक्टरांनी आठवडाभराचीच आशा दिली होती. म्हणून घरामागच्या उकिरड्यातली अकरा गांडुळं वाटीत घालून नेली.

बाबांनी वाटीत बोट फिरवलं.

"कुठली गं?"

"आपल्या रानातली. अकरा निघाली."

"ही लाल आहेत, पोरी. शेणातली. रानातली राखाडी असतात, करंगळीएवढी जाड." मग विचारलं, "काड कुठं जातं?"

माझी नजर भट्टीकडे गेली, आणि तिच्यामागोमाग त्यांचीही.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "म्हणजे सहा हिवाळे मीच खाल्लं मातीचं जेवण."

"बाबा, तुम्हाला थंडी..."

"यांना उकिरड्यावर सोडून ये. रानात टाकू नकोस, उपाशी मरतील. आणि भट्टी पेटवू नकोस आता."

मी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नीट ऐकलं. त्यांच्या अंगावर तीन रजया घातल्या, हात चोळत बसले. चौथ्या दिवशी ते गेले.

त्यानंतरच्या तिन्ही सुगींना काड रानातच ठेवलं. एर्झी मावशी म्हणते, बापाच्या दुःखाने पोरगी खुळी झाली, गारठून मरेल. म्हणू दे.

या मार्चात खणलं. दोन ठिकाणी काही नाही, तिसऱ्या ठिकाणी एक निघालं. राखाडी, करंगळीहून बारीक. वाटीत घेऊन मी तशीच धावत सुटले, आणि बाबांच्या खोलीच्या दारापर्यंत आले.