खांबावरचे बाबा

कोलशेतला कमलेशशेठच्या नव्या लग्नाच्या हॉलसमोर रोमन खांब उभा राहिला, तेव्हा संचिता गावी गेलेली. शेठची मागणी सरळ होती. रोमला आहे तसाच खांब, त्यावर कोरलेली तीच लढाई, फक्त त्यात आपले वारलेले बाबा दिसले पाहिजेत. इतिहासात एमए केल्यावर संचिताला मिळालेलं हे पहिलंच काम. चित्रं तिने निवडली, पण बाबांचा चेहरा कुणाला लावायचा ते मूर्तिकार विकीने परस्पर ठरवलं. बाबा, म्हणजे रघुशेठ, जन्मभर मिठागरावर टोपी घालून फिरले. चित्रात टोपीवाला रुबाबदार माणूस एकच होता. विषय संपला.

उद्घाटनाला आलेल्या संचिताने आधी वर बघितलं. रोमन सैनिक एकतर शिरस्त्राणात, नाहीतर बोडके. टोपी घालायचे ते डेशियन सरदार, म्हणजे त्या लढाईत हरलेले. रघुशेठांचे हात पाठीमागे होते आणि शिडीवर चढलेला विकी मनगटावरच्या दोरीला सोनेरी रंग देत होता.

"विकी, थांब. तो कैदी आहे."

"कोण, रघुशेठ?"

"हळू बोल. दोरी दिसत नाही तुला?"

"मला वाटलं, कडं घातलंय."

मागून कमलेशशेठ आले. "एक नंबर. बाबा असेच हात मागं घेऊन उभे राहायचे. मॅडम, तासाभरात गाव जमेल. कोन कोन आहे ते माईकवर तुम्हीच सांगायचं."

संचिताने वर बोट दाखवलं. "शेठ, हे डेशियन लोक. आजच्या रोमानियातले. टोपीवाले म्हणजे त्यांचे सरदार."

"म्हणजे बाबा सरदार."

"हो."

"मग दोरी कसली?"

विकीचा ब्रश थांबला. एका रोमनाच्या नाकावर रंग ठिबकला.

"ते हरले, शेठ. रोमनांनी पकडलं त्यांना."

कमलेशशेठ शिडीपाशी गेले. दारावरचे दोन बाऊन्सर काही कारण नसताना चार पावलं पुढे आले.

"रोमन जिंकले हे कुनी सांगितलं?"

"रोमच्या खांबावरच कोरलंय."

"तो खांब कुनी बांधला?"

"रोमनांनी."

"आनि हा?"

"हा... तुम्ही."

"मग?" शेठने घड्याळ बघितलं. "विकी, बाबांची दोरी घासून काढ. बाकीच्यांना बांध."

"शेठ, रोमन खूप आहेत. तासाभरात नाय होणार."

"रस्त्यावरून दिसतात तेवढे कर."

"आणि माईकवर काय सांगू?" संचिताने विचारलं.

"दिसेल ते सांगा."

संचिताने ओढणी कमरेला खोचली, मंडपवाल्याकडून सुतळीचा गुंडा मागून घेतला आणि दुसरी शिडी लावली.