घरमालकीणबाईंना काय सांगायचं

पुस्तकांच्या प्रदर्शनात एका कॉलेजच्या मुलीने आपला फोन मावशीच्या हातात दिला आणि म्हणाली, "काकू, आमचा दोघींचा एक फोटो काढता का?"

दोघी म्हणजे ती आणि बिट्टी. मावशीने फोटो काढला. चांगला काढला, कुणाचं डोकं कापलं नाही, कुणाचे पाय कापले नाहीत. फोन परत घेताना मुलीने सहज विचारलं, "तुम्ही यांच्या आई का?"

"मावशी," मावशी म्हणाली. "आणि गोष्ट मी लिहिते."

"हो का? छान," असं म्हणून ती मुलगी पुन्हा बिट्टीकडे वळली. चित्रातल्या हीरोच्या कपाळावर ती बट कशी काढता, हे तिला विचारायचं होतं.

मावशी बाजूच्या खुर्चीवर बिट्टीची पर्स मांडीवर घेऊन बसली. तोंडावर हसू होतं. पोटात मात्र असं दुखत होतं की विचारू नका.

बिट्टी तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. मावशीला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बिट्टी लहानपणापासून अर्धी तिच्याच घरी वाढली. मावशी पंचवीस वर्षं कथा लिहीत होती. त्या छापून यायच्या, आणि काका सोडून कुणी वाचल्याचं तिला कधी कळायचं नाही. काकांचं चष्म्याचं दुकान होतं, गिऱ्हाईक नसलं की ते वाचायचे आणि "बरी आहे" म्हणायचे. मग तीन वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाच्या संपादकबाईंनी चित्रकथा मागितली. मावशीने गोष्ट रचली, बिट्टीने चित्रं काढली, आणि बघता बघता ती गोष्ट घराघरांत वाचली जाऊ लागली. पत्रं यायला लागली. पत्रांत लिहिलेलं असायचं, "चित्रं अप्रतिम."

गोष्ट सोपी होती. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस आणि औषधांच्या दुकानातली एक मुलगी, दोघांनाही भाड्याने घर मिळत नव्हतं. एका म्हाताऱ्या घरमालकिणीच्या दारात दोघं एकाच वेळी पोचले. तिने दार उघडून विचारलं, "लग्न झालंय ना तुमचं? एकट्यादुकट्याला मी जागा देत नाही." आणि एकमेकांचं नावही ठाऊक नसताना दोघं एकदम म्हणाले, "हो." तेव्हापासून दोन खोल्यांत त्यांचा खोटा संसार चालला होता. प्रेम कधीच जडलं होतं, पण बोलायची हिंमत दोघांतही नव्हती. घरमालकीणबाईंनी मात्र त्यांना पोटच्या पोरांसारखा जीव लावला होता.

आता गोष्ट संपवायची वेळ आली होती. मागच्या अंकात औषधांच्या दुकानाचा मालक घरमालकीणबाईंसमोर बोलून गेला होता, "हिचं लग्न? आणि आम्हाला पत्ता नाही?" बाईंनी दोघांना घर सोडायला सांगितलं होतं. दोघांनी वेगवेगळ्या खोल्या घेतल्या होत्या. शेवटची चार पानं उरली होती.

मावशीने शेवट लिहून काढला. लिफ्टवाला औषधांच्या दुकानात येतो, काउंटरसमोर उभा राहून पानभर बोलतो, तीन वर्षांचं साठलेलं सगळं सांगतो. मुलगी रडते, तीही बोलते. मग लग्न, आणि घरमालकीणबाई आशीर्वाद देतात.

बिट्टीने ते मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बसून दोनदा वाचलं.

"मावशी, हा एवढं बोलेल? तीन वर्षांत त्याने एक वाक्य धड पुरं केलेलं नाही."

"शेवटी माणूस बोलतोच."

"मला वाटतं, ही चार पानं बिनशब्दांची ठेवू या. नुसती चित्रं. दोघं आपापल्या खोल्यांत आहेत. मग रस्त्यात समोरासमोर येतात. मग एकत्र बाईंच्या दाराशी जातात. बस."

"म्हणजे माझी गरज नाही."

"असं मी कुठे म्हटलं?"

"चार पानांत एक शब्द नाही म्हटल्यावर आणखी काय म्हणायचं राहिलं?"

बिट्टीने कागद खाली ठेवले. मग म्हणाली, "मी काढून तर बघते." तिने वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटलं.

आठ दिवसांनी बिट्टीने चारही पानं शाईने पक्की करून आणली. तिला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, म्हणून पाकीट मावशीच्या हातात देऊन ती म्हणाली, "कार्यालयात देशील का? शब्दांचं आपण उद्या बोलू. तुला फारच वाटत असेल तर एखाददुसरं वाक्य घालू."

तिची पाठ वळल्यावर मावशीने पानं बाहेर काढली. चित्रं वाईट असती तर तिने बिट्टीला जवळ घेतलं असतं, समजूत काढली असती. ती वाईट नव्हती. तिसऱ्या पानावर घरमालकीणबाई दार उघडून उभ्या होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग होता, माया होती, फसवलं गेल्याची लाज होती, सगळं एकाच वेळी. मावशीला तेवढ्यासाठी पाच पानं खर्ची घालावी लागली असती, आणि तरीही जमलं नसतं. या पोरीच्या हातात पहिली पेन्सिल आपणच दिली होती, हे तिला आठवलं, आणि ते आठवल्याने बरं वाटण्याऐवजी जास्तच झोंबलं.

मग तिने जे केलं ते शांतपणे केलं. आपले सगळे संवाद तिने नीट अक्षरात एका कागदावर उतरवले. बोलण्याचा कुठला फुगा चित्रात कुठे यायचा, त्याच्या खुणा केल्या. लिफ्टवाल्याचं लांबलचक बोलणं तिसऱ्या पानावर बसत नव्हतं. तिने ते घरमालकीणबाईंच्या चेहऱ्यावर बसवलं. कागद पाकिटात घातला आणि पाकीट कार्यालयात नेऊन फुग्यांत अक्षरं भरणाऱ्या गृहस्थांच्या हातात दिलं. "दोघींचं ठरलंय," असं तिने सांगितलं.

दोन दिवसांनी कच्ची छपाई बघायला दोघींना बोलावणं आलं. मावशीला त्या दिवसांत जेवण गोड लागलं नव्हतं. बरं नाही म्हणून घरी राहावं, असंही मनात येऊन गेलं. पण गेली.

बिट्टीने तिसरं पान हातात घेतलं. बराच वेळ बघत राहिली.

"बाईंच्या तोंडावर फुगा आलाय."

अक्षरं भरणारे गृहस्थ म्हणाले, "मला तसंच सांगितलं होतं," आणि आपल्या निबांच्या डबीत काहीतरी शोधू लागले.

"तू सांगितलंस?" बिट्टीने विचारलं.

"हो."

"का?"

मावशीने वाटेत कारणं जुळवली होती. वाचकांना कळायला हवं, परंपरेने शेवट बोलकाच असतो, वगैरे. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"प्रदर्शनात त्या मुलीने मला फोटो काढायला लावला म्हणून," ती म्हणाली. "तू काढलेलं सगळ्यांना दिसतं. माझं कुणाला दिसत नाही. मला सहन होत नाही, बिट्टे. तुझं चांगलं झालेलं मला हवंय, आणि बघवतही नाही."

संपादकबाई शेजारच्या टेबलावर होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

बिट्टीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "मला म्हणायचं होतंस."

"काय म्हणणार होते? माझ्या भाचीवर माझा जळफळाट होतो?"

"हो. तेच."

मग संपादकबाई उठून आल्या. "पानं उद्या दुपारी छापायला जायची आहेत. तुमचं काय ते तुम्ही बघा, पण मला शेवट द्या." त्यांनी बिट्टीच्या मूळ चित्रांच्या प्रती काढल्या, त्यांवर एकही शब्द नव्हता. चारही पानं ओळीने मांडली.

अक्षरं भरणारे गृहस्थ डबी ठेवून तिथे आले. "एक विचारू का? मी तीन वर्षं ही गोष्ट भरतोय. या चित्रांत बाई दार उघडतात आणि लगेच दोघं आत. त्या का घेतात त्यांना आत? हे दोघं खोटं बोलले होते, ते कबूल कधी करतात?"

बिट्टीने चित्रांकडे पाहिलं. "करत नाहीत," ती म्हणाली. "ते राहिलंच."

मावशीने खुर्ची ओढली. पहिल्यांदाच कितीतरी दिवसांत ती गोष्टीचा विचार करत होती, स्वतःचा नाही. "खोटं तोंडाने बोललेत. खरंही तोंडानेच बोलायला हवं. आणि तेही बाईंना, एकमेकांना नव्हे. एकमेकांना तर कळलेलंच आहे." तिने आपल्या संवादांच्या कागदाची चार पदरी घडी घातली. "बाई दारात उभ्या राहून पुन्हा तेच विचारतील. लग्न झालंय ना तुमचं?"

"आणि हे म्हणतील, नाही," बिट्टी म्हणाली. "नुसतं नाही. एकदम."

"नुसतं नाही म्हटलं तर गोष्ट तिथेच पडते." मावशी चित्राकडे बघत होती. खाली रस्त्यावर कुणीतरी पत्रे उतरवत होतं, त्यांचा खणखणाट वर येत होता. मग ती म्हणाली, "अजून नाही."

बिट्टीने तिच्याकडे पाहिलं.

"दोघं एकदम म्हणतात, अजून नाही. म्हणजे पहिल्यांदा खरं बोलतात, आणि एकमेकांना न विचारता मागणीही घालतात. बाईंना जे कळायचं ते कळतं. लग्न दाखवायचंच नाही."

बिट्टीने पेन्सिल घेतली आणि घरमालकीणबाईंच्या चेहऱ्याखाली, दोघांच्या पाठमोऱ्या डोक्यांच्या वर, एक लहानसा फुगा आखला. एकच, दोघांचा मिळून. चेहरा मोकळा राहिला. "मी दहा पानं काढली असती तरी हे आलं नसतं," ती म्हणाली. मावशीला ते ऐकून इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली.

अंक आला. पत्रं पोतंभर आली. बऱ्याच जणांनी "अजून नाही" असं नुसतंच लिहून पाठवलं होतं. काहींनी लग्न न दाखवल्याबद्दल दोघींना शिव्या घातल्या होत्या. आणि चित्रं अप्रतिम, असंही होतंच.

महिन्याभराने बिट्टी जिन्यात भेटली तेव्हा तिने सांगितलं, की संपादकबाईंनी तिला एका नव्या लेखकाची गोष्ट दिली आहे. "तू हो म्हणालीस तरच घेईन."

मावशीच्या मनात आलं, आता जळायला आणखी एक माणूस झाला. "घे की," ती म्हणाली. "लिहितो कसा?"

"त्याची माणसं फार बोलतात गं."

"असं होय," मावशी म्हणाली, आणि उरलेला जिना जरा हलक्या पावलांनी चढली.

नव्या गोष्टीचा पहिला भाग तिने काकांच्या दुकानात बसून वाचला. लेखकाच्या तीन चुका तिला पहिल्याच पानावर सापडल्या. चित्रांत तिने फार शोधलं, काकांचं भिंग घेऊनही शोधलं. मग फोन उचलला आणि बिट्टीला सांगितलं, "चित्रं फार चांगली झालीत." लेखकाचं तिने काही काढलं नाही. तेवढं तिने स्वतःपुरतं ठेवलं.