रिकामा डबा

सासूनं, ग्रेथेनं, कागदी झेंड्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला, भांड्याच्या कडेला लागलेला कलेजीचा लगदा बोटानं निपटला आणि बोट चाटलं. सिग्नेनं नजर खिडकीकडे वळवली. डुकराची कलेजी दळून, भट्टीत भाजून केलेला हा लगदा सासरी दर रविवारी असायचाच. आज त्यावर चरबी थिजली होती.

"विमानतळावर तीसेक जण तरी येतील," ग्रेथे म्हणाली. "पोराला कळू दे, डेन्मार्क म्हणजे काय ते. अस्गर आला तेव्हा अख्खी गल्ली लोटली होती."

चार वर्षांचा ताविन पुढच्या महिन्यात थायलंडहून दत्तक यायचा होता. त्याला आणायला सिग्ने आणि तिचा नवरा अस्गर जाणार होते. स्वागताचा ताबा मात्र सासूनं परस्पर घेतला होता. अस्गरलाही त्यांनी एवढाच असताना कोरियाहून दत्तक आणलं होतं, त्यामुळे या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवू नये असं तिचं ठाम मत होतं.

"आणि ह्यानं काय केलं?" सासरे ओव्हे खुसखुसले. "झेंडे बघून बाकाखाली घुसला. पाय धरून ओढला तेव्हा कुठे निघाला!"

"जेवणाचं तर विचारूच नका. कलेजी तोंडात घातली की थूः! मग मीही तेच उचलून परत पावावर थापायची. संपल्याशिवाय उठायचं नाही. एकदा संध्याकाळपर्यंत बसला होता, नाही का रे? चड्डी ओली झाली, पण पठ्ठ्या हलला नाही."

दोघं पोट धरधरून हसले. ग्रेथेच्या दातांत काळ्या पावाचे कण अडकले होते. अस्गरही हसला आणि त्यानं हातातला घास संपवला.

"ताविनशी असलं काही करायचं नाही," सिग्ने म्हणाली.

"अगं, लाडानंच मुलं बिघडतात. हा बिघडला का?" घोड्याला थोपटावं तसं ग्रेथेनं अस्गरच्या मानेवर थोपटलं. "सुरुवातीला आठवडाभर मीच येऊन राहते. वळण लावून देते."

सिग्नेनं ताटं गोळा केली आणि स्वयंपाकघर गाठलं. मागोमाग अस्गर आला, त्यानं खांद्यावर फडकं टाकलं.

"शिसारी येते मला तुझ्या आईवडिलांची," ती दबक्या आवाजात म्हणाली. "थुंकलेलं परत खायला घालायचं, आणि वर हसायचं! तू गप्प कसा बसतोस? आता तुला आवडतं म्हणून काय..."

"आवडतं कोण म्हणालं?"

नळाखालचा तिचा हात थांबला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती त्याच्या डब्यासाठी पावावर कलेजीच थापत आली होती. वर काकडीचं लोणचं, कडेनं बीट. त्याला फार आवडते असं ग्रेथेनं सांगितलं होतं, आणि त्याला विचारावं असं तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

"पण तुझा डबा रोज रिकामा येतो."

"हो ना. रिकामा बघून तुला बरं वाटतं."

तक्रारीचा सूर नव्हता. बाहेर गार आहे म्हणून सांगावं तसं तो बोलला होता. सिग्नेनं हातांना साबण लावला, मग पुन्हा लावला. तरी बोटांना चरबीचा वास येतच होता आणि तिला स्वतःचेच हात अंगाला लागू नयेसे वाटले.

"सिग्ने!" बाहेरून ग्रेथेची हाक आली. "उरलेली बांधून देऊ का गं? उद्याच्या डब्याला होईल त्याच्या!"

अस्गर एकच ताट पुसत राहिला होता.

"ताविन कधीतरी ताट ढकलेल ना," तो म्हणाला, "तेव्हा मला हाक मार. कामात असलो तरी मार. मला बघायचंय."