बाईंनी दिलेला पासवर्ड

सुरुवातीलाच सांगून टाकतो, आमची काही अडचण नव्हती. वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला कामाचा तोटा नसतो. लोक पावडर दुप्पट घालतात, खिशातल्या नाण्यांसकट पँटी आत कोंबतात आणि वर मशीनच्या नावानं खडे फोडतात. तेव्हा घरात वायफाय घेणं मला जड नव्हतं. घेतलं नाही, कारण घ्यायची वेळच आली नाही. फुकट मिळत होतं.

मिळत होतं खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून. बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळी इमारत त्यांना बाईच म्हणते. मुलगा दुसऱ्या शहरात, या एकट्या राहतात. त्यांचं मशीन पाणी सोडेना म्हणून मी गेलो होतो. आमच्या धंद्यात एक सवय असते. पार्ट मागवायचा तर मशीनच्या पाठीवरच्या पट्टीचा फोटो काढायचा, नंबर हातानं लिहून घ्यायचा नाही, कारण एक आकडा चुकला की भलताच पंप येऊन पडतो. तसा फोटो काढला. मशीनच्या मागेच भिंतीवर वायफायचा डबा होता, त्याच्यावर चिकटवलेला पासवर्डही फोटोत आला. इथपर्यंत माझा दोष नाही. घरी येऊन मी तो फोटो मोठा करून वाचला, तिथून पुढे आहे.

बायको म्हणाली, "एक जिना उतरून विचारायला काय जातंय तुमचं?"

"विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची सोय होते," मी म्हणालो. "आणि ते हवेतून येतं. भिंत ओलांडून आपल्या घरात येतं, त्याला मी काय करू?"

"त्यांच्या स्वयंपाकाचा वासही येतो आपल्या घरात. म्हणून ताट घेऊन बसत नाही आपण तिथे."

माझ्या बायकोचं तोंड धरणं कुणाला जमलेलं नाही. पण महिनाभरानं तिच्या मालिकाही त्याच वायफायवर सुरू झाल्या आणि वासाचा विषय मागे पडला. अशी दोन वर्षं गेली. आमची एकुलती एक बबडी त्याच्यावरच अभ्यासाचे व्हिडिओ बघायची, आणि गणित अडलं की वही घेऊन बाईंकडेच पळायची. बाई तिला हातचं काही राखून न ठेवता शिकवायच्या. जिन्यात भेटल्या की मला म्हणायच्या, "भाऊ, पोरगी हुशार आहे. शिकू द्या तिला हवं ते." मी मान डोलवायचो आणि खिशातला फोन चाचपायचो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

यंदा बबडीची शाळेची शेवटची परीक्षा होती. ती झाली, आणि दोन दिवसांनी बाईंनी तिला जिन्यातच थांबवलं.

"बबडे, पेपर तपासायला घेतलेत मी. तीन आठवडे माझ्याकडे यायचं नाही. समोर आलीस तरी मी बोलणार नाही. राग मानू नकोस."

आणि खरोखरच नाही बोलल्या. पोरगी दिसली की मान खाली घालून बाजूनं निघून जायच्या. मला तर हसूच आलं. म्हटलं, काय हा सोवळेपणा! पेपरावर नाव नसतं, नंबर झाकलेला असतो, आणि ही बाई पोरीला नमस्कार करायला घाबरते. बावीस वर्षं तपासनीस होत्या त्या. हल्ली ते काम घरून होतं, कॉम्प्युटरवर उत्तरपत्रिकांचे फोटो येतात, एवढं मला माहीत होतं. त्या कामासाठी परीक्षा मंडळ तपासनीसाच्या घरचं कनेक्शन नोंदवून घेतं, आणि ते दुसरं कुणी, त्यातून परीक्षेला बसलेलं कुणी, वापरत नाही असं त्यांच्याकडून सहीनिशी लिहून घेतं, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर थांबलो असतो का? तीन आठवडे थांबलो असतो, एवढंच खात्रीनं सांगतो.

त्याच तीन आठवड्यांत बबडीला पुढच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता, मंडळाच्याच वेबसाइटवर, स्वतःचा परीक्षा क्रमांक घालून. मोबाईलवर पान उघडेना. ती कंटाळून मैत्रिणीकडे निघाली होती. मीच म्हणालो, "घरात वायफाय असताना दुसऱ्याच्या दारात कशाला? बस इथंच." दुसऱ्याच्या दारात! माझ्याच तोंडचे शब्द आहेत हे.

निकाल लागला त्या सकाळी बबडीच्या नंबरापुढे गुण नव्हते. "निकाल राखून ठेवला आहे," एवढंच होतं. तिच्या वर्गातल्या सगळ्यांचे लागले, तिचाच नाही. पोरगी दिवसभर जेवली नाही. चौथ्या दिवशी मंडळाची दोन माणसं आली, एक चष्मेवाले साहेब आणि त्यांच्याबरोबर लिहून घेणाऱ्या एक मॅडम. ती दोघं आधी खाली बाईंकडे जाऊन आली होती.

साहेब सज्जन होते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "तपासनीसांच्या कनेक्शनवरून एका परीक्षार्थीचं खातं उघडलं गेलं, सहा वेळा. तुमच्या मुलीचं. पेपर त्यांच्याकडे तपासायला गेलेला नाही, ते आम्ही पाहिलंय. पण नियम तो नियम. आता प्रश्न एवढाच, की तिला हे कनेक्शन मिळालं कसं."

साहेबांनी हातातला कागद उलटला.

"बाई म्हणतात, मी कुणालाही पासवर्ड दिलेला नाही. त्यांनीच तुमचं नाव सांगितलं. म्हणाल्या, वरच्या भाऊंना विचारा, माणूस सरळ आहे, काय असेल ते सांगेल."

बायको पाण्याचे ग्लास घेऊन दारात उभी होती. ती तिथंच थांबली.

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि मला सगळं समजावून सांगितलं. समजावलं नसतं तर बरं झालं असतं. पासवर्ड बाईंनी स्वतः दिला असेल, तर चूक बाईंची. मोठ्या माणसानं दिलं आणि पोरीनं वापरलं, पोरीला नियम काय माहीत! तिचा निकाल दोन दिवसांत सुटेल. पण न विचारता घेतला असेल, तर ती परीक्षेच्या यंत्रणेत केलेली घुसखोरी. मग निकाल रद्द, वर्ष वाया, आणि वर नोंद होते ती वेगळीच, पुढे कुठंही प्रवेश घेताना ती पुढ्यात येते.

"तर सांगा," साहेब म्हणाले. "बाईंनी दिला होता का?"

आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बबडी पलंगाच्या कडेवर बसलेली दिसत होती. फोटोची गोष्ट तिलाही माहीत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे बघत होती. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट सांगतो. मला बाईंचा राग आला. कशाला माझं नाव सांगितलं? कशाला सरळ म्हणाली? मी कधी म्हटलं होतं तिला, की मी सरळ आहे म्हणून?

"हो," मी म्हणालो. "त्यांनीच दिला."

"कधी?"

"त्यांचं मशीन दुरुस्त करायला गेलो होतो तेव्हा."

मॅडम लिहून घेत होत्या. खोटं एकदा तोंडातून सुटलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. मी सांगितलं, की पार्टची माहिती बघायला मला नेट हवं होतं, तेव्हा बाई म्हणाल्या आमचंच घ्या, आणि पुढेही वापरा, पोरीच्या अभ्यासाला होईल. बाई असं म्हणाल्या असत्या. विचारलं असतं तर अगदी हेच म्हणाल्या असत्या. मी सही केली. साहेबांनी पाणी पिऊन ग्लास बायकोच्या हातात दिला आणि आभार मानले.

ती दोघं गेल्यावर बायकोनं ग्लास धुतले. मी म्हणालो, "पोरीचं वर्ष गेलं असतं." ती म्हणाली, "मी काही म्हटलं का?" झालं. त्यानंतर त्या विषयावर आम्ही दोघांनी मूग गिळले.

दोन दिवसांनी निकाल सुटला. बबडीला गणितात उत्तम गुण होते. आठवड्यानं बाईंना पत्र आलं. खोटं लिहून दिल्याबद्दल त्यांना तपासनीसांच्या यादीतून कायमचं काढलं होतं, आणि मंडळानं ते आपल्या फलकावर नावानिशी लावलं. ज्या शाळेत त्यांनी जन्म घालवला तिथल्या लोकांनी ते वाचलं. इमारतीतही कळलं. तिसऱ्या मजल्यावरचा शिंपी मला म्हणाला, "बघा, वरून किती साधी! आतून बगळ्यासारखे मासे गिळत होती." मी म्हणालो, "जाऊ द्या हो." माझ्यासारखा समंजस माणूस शोधून सापडायचा नाही.

मी भांडणाची तयारी ठेवली होती. बाई दारात येतील, ओरडतील, देवापुढे शपथ घ्या म्हणतील. मग मीही ओरडेन, आणि ओरडण्यात काय ते निभावून जाईल. पंधरा दिवस कुणी आलं नाही. सोळाव्या दिवशी दुपारी बेल वाजली. बायको बाहेर गेली होती. दारात बाई.

"येऊ का, भाऊ?"

खुर्चीवर बसल्या. केस नीट विंचरलेले, हातात छोटी वही आणि पेन. चेहरा मात्र उतरलेला होता.

"मी भांडायला आले नाही," त्या म्हणाल्या. "एकच विचारायचंय. मी त्यांना सांगितलं, दिला नाही. तुम्ही सांगितलंत, दिला. तुम्ही कशाला खोटं बोलाल? मी रोज रात्री आठवून बघते. तुम्ही मशीन दुरुस्त केलंत ते आठवतं. तुम्हाला चहा दिला ते आठवतं. हे तेवढं आठवत नाही."

मी उठून पंखा सुरू केला.

"माझ्या मोठ्या बहिणीचं असंच सुरू झालं होतं. आधी छोट्या छोट्या गोष्टी. शपथेवर सांगायची, मी असं बोललेच नाही म्हणून. आम्ही हसायचो तिला. शेवटी शेवटी स्वतःच्या मुलींना ओळखत नव्हती." त्यांनी वही उघडली. "म्हणून विचारते. राग नाही माझा. मला फक्त कळू द्या. मीच दिला होता ना?"

ती वेळ होती. अजून काही बिघडलं नव्हतं असं नाही, पण जे बिघडत होतं ते थांबवता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी तो मनात जुळवलाही. मग डोळ्यांपुढे ते चष्मेवाले साहेब आले, माझी सही आली, बबडीचा प्रवेश आला. बाईंना खरं सांगितलं तर त्या उद्याच मंडळात जातील. आणि का जाऊ नये त्यांनी?

"हो बाई," मी म्हणालो. "तुम्हीच दिला होता."

"मी काय म्हणाले तेव्हा?"

"म्हणालात, पोरीच्या अभ्यासाला होईल."

बाई हसल्या. खरंच हसल्या. "म्हणाले असेन. माझ्यासारखंच आहे ते." त्यांनी वहीत लिहून घेतलं, खाली तारीख टाकली. "बरं झालं सांगितलंत. मुलगा कधीचा म्हणतोय, एकटी राहू नकोस म्हणून. मीच ऐकत नव्हते. आता डॉक्टरांना दाखवते आणि त्याला कळवते. घर काय, बंद करता येईल."

त्या उठल्या. दार उघडून दिलं तर जिन्याच्या पहिल्या पायरीवरच अडखळून थांबल्या. कठडा धरला, आणि पाय टेकतोय का याची खात्री करत एक पायरी उतरल्या. पडणारी बाई नव्हती ती. पण आता तिला तिच्या पायांचाही भरवसा राहिला नव्हता.

तेवढ्यात आतून बबडी धावत आली. तिनं सगळं ऐकलं होतं. तोंड रडून लाल झालेलं. माझ्या अंगाला घासून ती बाहेर गेली, आणि मी भिंतीला टेकलो. वाटलं, आता ही सांगणार. सांगू दे. देवाशपथ सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

बबडीनं बाईंचा दंड धरला. आजारी माणसाला धरतात, तसा.

"सावकाश, बाई," ती म्हणाली. "मी आहे ना."

आणि त्यांना एकेक पायरी उतरवत ती खाली घेऊन गेली.