बारावा खळगा

मी एक जुनी सागवानी फळी आहे. मोडक्या दाराच्या तुकड्यातून धोंडिबा सुतारांनी मला घडवलं आणि माझ्या अंगावर वाटीएवढे बारा खळगे कोरले. रायापूरच्या विशेष मुलांच्या कार्यशाळेत मी नऊ वर्षं काढली. मित्रांनो, तिथं शिकायला येणारी मुलं वयानं मोठी असतात, पण आकडे त्यांच्याशी फटकून वागतात. श्यामला चोवीस वर्षांची आहे, तरी तीनच्या पुढं तिची मोजणी घसरते. मात्र माझ्या प्रत्येक मोकळ्या खळग्यात एक पणती ठेवायची आणि सगळे भरले की पणत्या खोक्यात उतरवायच्या, हे तिला पक्कं जमतं. ते जमायला दोन वर्षं लागली. त्यात किती पणत्या फुटल्या ते मला ठाऊक आहे, पण सांगणार नाही.

एका वर्षी सुभाष रोडवरच्या श्रीकांतअण्णांनी दिवाळीआधी तिला एक दिवस आपल्या पणत्यांच्या दुकानात बसवून बघायचं कबूल केलं. जमलं तर कायमचं काम, नाहीतर घरी बसणं, कारण कार्यशाळेतली तिची मुदत संपत आली होती. तिची आई अनसूयाबाई तेव्हापासून धड जेवत नव्हती. सरावासाठी तिनं मला घरी नेलं आणि मध्येच खंडेनवमी आली.

विळी-कात्रीबरोबर माझीही पूजा झाली. हळदकुंकू लागलं, कोपऱ्यातल्या खळग्यात झेंडूचं टपोरं फूल बसलं. मी सुखावले, खोटं कशाला बोलू? श्यामला ते फूल उचलायला गेली, तशी आई म्हणाली, "हात लावायचा नाही तिथं. देवाचं आहे ते."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या धांदलीत आईनं मला तशीच पिशवीत घातलं. कुंकवात चिकटून वाळलेलं फूल जागचं हललं नाही.

अण्णांनी आईला पायरीवर बसवलं आणि श्यामलाला आत नेलं. तिनं अकरा खळगे भरले. बाराव्यापाशी तिचा हात थांबला आणि मागं फिरला. अकराच पणत्या खोक्यात गेल्या. मग दुसरं खोकं झालं, तिसरं झालं. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. ती बिचारी मन लावून काम करत होती आणि तिच्या आयुष्याचं नुकसान माझ्याच अंगावर चाललं होतं.

अण्णांनी खोकी उघडून पणत्या मोजल्या. आईला आत बोलावलं.

"बाई, पोरगी गुणी आहे की हो. पण डझन म्हणून अकरा कशा देऊ मी गिऱ्हाइकाला?"

आईचा चेहरा उतरला. "असं कधी करत नाही हो अण्णा ती. का गं श्यामला, बारावी कुठं गेली?"

श्यामलानं फुलाकडं बोट दाखवलं. "तिथं देव बसलाय. तूच म्हणालीस, हात लावायचा नाही."

"माझंच चुकलं अण्णा," आई म्हणाली. "तिनं माझंच ऐकलं."

अण्णांनी चप्पल काढली, फूल हलकेच सोडवून डोळ्यांना लावलं आणि गल्ल्यावरच्या गणपतीपुढं ठेवलं. "देवाला इथं बसवू. चालेल काय गं?"

श्यामलानं मान हलवली. कुणी सांगायच्या आत तिनं पहिलं खोकं माझ्यावर रिकामं केलं, अकरा पणत्या मांडल्या आणि मोकळ्या खळग्यात बारावी ठेवली. मग दुसरं खोकं घेतलं, मग तिसरं.

"उद्या दहाला ये," अण्णा म्हणाले. "फळी विसरू नको."

मित्रांनो, आता मी त्या दुकानात असते. माझी एक कड चिरली आहे, आणि खंडेनवमी जवळ आली की अजून जीव धास्तावतो. माझी पूजा जरूर करा, फूल कडेला ठेवा, खळगे तेवढे मोकळे राहू द्या. आणि श्यामलाच्या हातून काही चुकलंय असं वाटलं, तर तिला बोलण्याआधी एकदा माझ्याकडं बघा.