व्याह्यांपुढची हार

"देखा, हारी येज्यात," भडगावहून निघताना लताबाईने नवऱ्याला, तोतारामला, बजावलं होतं. "आंडेरना, आपली मयुरीना सुखना सवाल शे."

धुळ्याच्या जीवराम शेठांना आपल्या कापसाच्या जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत गवत लावून गोल्फ खेळायचा नाद होता. थोरल्या मुलाची जमलेली सोयरीक त्यांनी एवढ्यासाठीच मोडली होती, की मुलीच्या बापाने त्यांना या खेळात हरवलं आणि वर हसला. आता धाकट्या चंदनसाठी तोतारामची मयुरी पसंत होती, साखरपुडा आठवड्यावर आला होता. तोताराम आणि मयुरी शेठांचं घर बघायला आले, तर चहा संपायच्या आत शेठांनी तोतारामच्या हातात काठी दिली.

तोताराम म्हणजे केळीचे घड वाहण्यात जन्म गेलेला माणूस. जिंकण्याची भीती वाटावी असं त्याच्या आयुष्यात आजवर काही घडलंच नव्हतं. चेंडू भलतीकडे घालवायचा, एवढंच त्याने ठरवलं.

पहिला फटका त्याने डोळे मिटून उलट्या बाजूला हाणला. चेंडू लिंबाच्या खोडावर आपटला, शेठांच्या छोट्या गाडीच्या टपावर टणकन वाजला आणि घरंगळत खड्ड्याशी जाऊन बसला. शेठ हसले नाहीत. पुढच्या वेळी त्याने सरळ कडेच्या तळ्यावरच नेम धरला, तर तिथे डुंबणाऱ्या म्हशीच्या पाठीवरून चेंडू उडून हिरवळीवर आला. नशीब हवं तेव्हा उघडत नाही आणि नको तेव्हा दार मोडून आत येतं. तोतारामचा सदरा घामाने भिजला. माय, आज मला हरव, असं तो मनातल्या मनात कानबाई देवीला विनवू लागला.

शेवटच्या खड्ड्यापर्यंत दोघे बरोबरीत आले. इरेला पेटलेल्या शेठांचा चेंडू तळ्यात गेला. तो काढायला ते वाकले आणि पाय घसरून छातीभर चिखलात बसले. म्हैस जरा बाजूला सरकली. चंदनने धावत जाऊन बापाला वर ओढलं. वर येताच शेठांनी सगळ्यांदेखत त्याच्या थोबाडीत दिली.

"हसलास ना?"

चंदन हसला नव्हता. लग्नाला आलेला तो गडी खाली बसला आणि आपल्या रुमालाने बापाचे बूट पुसू लागला. त्याचे हात तोतारामच्या हातांसारखेच कापत होते.

तोतारामला एकदम उमगलं. आपण एका दिवसापुरते भ्यालो. पोरीला या घरात रोज भ्यावं लागेल. त्याने मयुरीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आता त्याला जिंकायचं होतं. दिवसभरात पहिल्यांदाच त्याने खड्ड्यावर नीट नेम धरला, आणि चेंडू नेमका काठावर येऊन थांबला.

"वा," चिखल निथळत शेठ म्हणाले. "माणूस समजूतदार आहे."

तोताराम पुढे गेला. त्याने जोड्याच्या टोकाने चेंडू आत ढकलला.

"हे नियमात बसत नाही, तोतारामभाऊ."

"माले ठाऊक शे," तो म्हणाला. "पन आमनी आंडेर आठे देवानी नही. चाल, मयुरी."

एसटीने पारोळा सोडलं तेव्हा लताबाईचा फोन आला.

"हारनात ना?"

मयुरी खिडकीबाहेर बघत हळूच हसत होती. तिला तसं हसताना त्याने बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

"नही वं," तो म्हणाला. "जिकी उनू."

"घर या, मंग देखसू," लताबाई म्हणाली, आणि तोतारामचे हात पुन्हा कापू लागले.