एका गाठीची टेप

माइकचा लोखंडी स्टँड उचलून ड्रमवाल्याने पहिला घाव घातला तो दोन खोल्यांमधल्या काचेवर. दुसरा टेपच्या मशीनवर. तिसरा उगारला तेव्हा आमचे हे मशीनपुढे आडवे झाले. पोटच्या पोराला वाचवायला व्हावं तसे.

"बायको गेली माझी! तिचं एकच गाणं होतं तुमच्याकडे. कुणी पुसलं?"

"मी," हे म्हणाले.

खोटं. धडधडीत खोटं.

एकतीस वर्षांपूर्वी टायरच्या गोदामात आम्ही दोघांनी हा स्टुडिओ उभा केला. मोठ्या कंपन्या ज्यांना दारात उभं करत नव्हत्या, ते आमच्याकडे गायचे. भिंतींना जुन्या गाद्या मी ठोकल्या, अंगठा चेचून घेतला. नवी टेप महाग. म्हणून सहा महिने कुणी न्यायला आलं नाही तर ती पुसून पुन्हा वापरायची, ही आमची रीत. ते काम माझं. ह्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ आणि माझी शाळा तिसरीपर्यंत. मग मी टेपच्या डब्यांना दोरी बांधायचे. एक गाठ म्हणजे पुसायची, दोन म्हणजे जपायची. एवढ्या वर्षांत चूक नाही, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. शिकलेल्यांना तर मुद्दाम.

ड्रमवाल्याने निरोप धाडला होता, बायको आजारी आहे, टेप जपून ठेवा. दुसरी गाठ मारणार तोच मला कुणीतरी हाक मारली आणि ती राहून गेली. एवढंच झालं.

स्टँड ह्यांच्या डाव्या कानावर बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. हे गुडघ्यांवर आले, रक्त कॉलरमध्ये उतरलं. त्याने पुन्हा हात उगारला.

"हात खाली कर, मेल्या!" मी मध्ये घुसले. "पुसली मी! माझी गाठ चुकली."

"वहिनी, तुम्ही?"

"हो, मीच. जगाला शहाणपण शिकवणारी. मार."

त्याने माझा गळा धरून मला भिंतीवर आपटलं. श्वास कोंडला. मी डोळे मिटले नाहीत. त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. मग त्याची बोटं सुटली आणि तो स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटायला लागला. गाद्यांमुळे आवाजही होईना.

दवाखान्यात पट्टी बांधून घेताना हे पुटपुटले, "तोंड बंद ठेवता येत नव्हतं का तुला?"

"आजवर कधी ठेवलंय?"

डाव्या कानाने त्यांना परत कधीच ऐकू आलं नाही.

आता रेकॉर्डिंग चालू असलं की मी त्यांच्या डावीकडे बसते. त्या बाजूच्या स्पीकरमधलं काही बिघडलं की त्यांच्या मनगटावर बोट टेकवते. ते बटण फिरवतात. खात्री आहे का, असं त्यांनी मला एकदाही विचारलेलं नाही.